‘आहे’ आणि ‘असू शकते’ : जैवसुरक्षा करारातील न्यूझीलंड

१

आंतरराष्ट्रीय करार हा एक लेखनप्रकार आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांच्या ध्यानात सहसा येत नाही. करार वाचावा तो वकिलाने, राबवावा तो शासनाने, आणि त्यावर टीका करावी ती राज्यशास्त्राच्या अध्यापकाने, अशी एक श्रमविभागणी आपण मुकाट्याने मान्य केलेली आहे. परंतु शेकडो प्रतिनिधी रात्रीमागून रात्री जागून एका क्रियापदावर वाद घालतात, आणि त्या क्रियापदाच्या निवडीवर कोट्यवधी टन धान्याच्या वाहतुकीचे नियम अवलंबून राहतात, तेव्हा त्या क्रियापदाचा विचार आपण करावयाचा नाही तर कोणी करावयाचा? प्रस्तुत लेखात अशाच एका क्रियापदाची चिकित्सा करण्याचे योजिले आहे. हे क्रियापद कार्टाजेना जैवसुरक्षा प्रोटोकॉल या २००० सालच्या करारातील असून त्याच्या अनुषंगाने न्यूझीलंड या लहान राष्ट्राने या वाटाघाटींत जी भूमिका घेतली तिचे मूल्यमापन करणे, हा लेखाचा दुसरा हेतू होय.

लहान राष्ट्राची निवड हेतुपुरस्सर केली आहे. मोठ्या राष्ट्राला वाटाघाटीत शब्दावाचून अन्य साधने असतात. त्याची बाजारपेठ, त्याच्या कंपन्या, त्याने दिलेली वा रोखलेली मदत ही सारी त्याच्या वतीने बोलत असतात. लहान राष्ट्राजवळ मुख्यतः संहितेतील शब्द असतो. म्हणून लहान राष्ट्राची नीती पारखावयाची तर त्याने कोणता शब्द मागितला, कोणता नाकारला आणि तो कोणासाठी, हे पाहणे हाच खरा मार्ग ठरतो.

२

पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. जैविक विविधतेविषयीचा करार १९९२ साली झाला. जैवतंत्रज्ञानाने निर्माण केलेल्या सजीवांच्या सुरक्षित हाताळणीसाठी स्वतंत्र प्रोटोकॉल असावा काय, याचा विचार करण्याची तरतूद त्यातच होती. त्यानुसार १९९६ ते १९९९ या काळात डेन्मार्कचे फाइट केस्टर यांच्या अध्यक्षतेखाली एका कार्यगटाने मसुदा तयार केला. फेब्रुवारी १९९९ मध्ये कोलंबियातील कार्टाजेना येथे तो संमत व्हावयाचा होता, परंतु ती बैठक निष्फळ ठरली. पुढे व्हिएन्ना येथील विचारविनिमयानंतर २९ जानेवारी २००० रोजी पहाटे मॉन्ट्रियल येथे प्रोटोकॉल संमत झाला. त्याच्या नावात मात्र जेथे तो फसला त्या शहराचे नाव कायम राहिले.

या वाटाघाटींत राष्ट्रांचे पाच गट पडले होते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, चिली व उरुग्वे या धान्य निर्यात करणाऱ्या राष्ट्रांचा ‘मियामी गट’, विकसनशील राष्ट्रांचा ‘समविचारी गट’, युरोपीय संघ, मध्य व पूर्व युरोपातील राष्ट्रे, आणि जपान, मेक्सिको, नॉर्वे, दक्षिण कोरिया व स्वित्झर्लंड यांचा ‘तडजोड गट’. या शेवटच्या गटात पुढे सिंगापूर आणि न्यूझीलंड येऊन मिळाले. अमेरिका मूळ जैवविविधता कराराची सदस्य नव्हती व आजही नाही. तरीही तिचा आवाज सर्वांना ऐकू येत होता. उलट समविचारी गटाचे प्रवक्ते इथिओपियाचे तेवोल्डे बर्हान गेब्रे एग्झियाबेर होते. त्यांच्या देशाजवळ ना बियाण्यांच्या बलाढ्य कंपन्या होत्या, ना धान्याची निर्यात. त्यांनी जे मिळविले ते मुख्यत्वे मसुद्यातील वाक्ये धरून ठेवून मिळविले. कोलंबियाचे पर्यावरणमंत्री हुआन मायर यांनी अध्यक्ष या नात्याने गटांचा बोलण्याचा क्रम ठरविण्यासाठी पिशवीतून रंगीत चेंडू काढावयास लावले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिच्यातील गमतीचा भाग सोडला तरी तिचा अर्थ गंभीर आहे. कोणी आधी बोलावे हे बळावर ठरू नये, एवढ्यासाठी ती योजना होती.

३

आता प्रत्यक्ष संहितेकडे वळू. प्रोटोकॉलचे अठरावे कलम वाहतूक, वेष्टन आणि ओळख यांविषयी आहे. त्याच्या दुसऱ्या उपकलमात परिवर्तित सजीवांचे तीन वर्ग केले आहेत : थेट अन्न, पशुखाद्य अथवा प्रक्रिया यांसाठी असलेले, बंदिस्त प्रयोगासाठी असलेले, आणि पेरणीसारख्या हेतूने पर्यावरणात सोडण्यासाठी असलेले. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांबाबत मालासोबतच्या कागदपत्रांनी हे ‘परिवर्तित सजीव आहेत’ अशी स्पष्ट ओळख द्यावी, असे म्हटले आहे. पहिल्या वर्गाबाबत मात्र कागदपत्रांनी स्पष्टपणे एवढेच सांगावयाचे आहे की, या मालात परिवर्तित सजीव ‘असू शकतात’, आणि तो माल पर्यावरणात सोडण्यासाठी नाही. हे दोन शब्द मूळ संहितेत अवतरणचिन्हांत आहेत. जागतिक व्यापारातील मका, सोयाबीन व सरकी यांचा फार मोठा भाग या पहिल्याच वर्गात मोडतो.

वाक्याची रचना लक्षपूर्वक पाहिली तर तीत दोन विसंगती दिसतात. पहिली अशी की, उपकलमाचा विषयच ‘परिवर्तित सजीव’ हा आहे. म्हणजे परिवर्तित सजीवांबाबत असे सांगावयाचे की, त्यांत परिवर्तित सजीव असू शकतात. जे उद्देश्यात सिद्ध म्हणून गृहीत धरले, तेच विधेयात संभाव्य म्हणून सांगितले आहे. दुसरी विसंगती क्रियाविशेषणाची होय. ‘स्पष्टपणे’ हे क्रियाविशेषण आणि संदिग्धतेचे क्रियापद एकाच वाक्यात नांदतात. स्पष्टपणे सांगावयाचे ते हे की, आम्ही स्पष्टपणे सांगू शकत नाही.

मराठीच्या अंगाने पाहिल्यास हा भेद अधिक उजळतो. आपल्या व्याकरणपरंपरेत आख्यातांचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे अर्थ मानले आहेत. ‘मालात परिवर्तित बीज आहे’ हा स्वार्थ. बोलणारा त्या विधानाचा जामीन राहतो. ‘असेल’ म्हटले की तो अंदाज होतो. ‘असावे’ म्हटले की काही खुणांवरून केलेले अनुमान सूचित होते. ऐकणारा त्या खुणा कोणत्या हे विचारू शकतो. ‘असू शकते’ या संयुक्त क्रियापदाने मात्र एवढेच सांगितले जाते की, ती गोष्ट अशक्य नाही. बोलणाऱ्यावर कसलीच जबाबदारी पडत नाही आणि ऐकणाऱ्याला काहीच नवे कळत नाही. कराराच्या सहा अधिकृत भाषांपैकी स्पॅनिशमध्ये या जागी ‘पुएदेन येगार आ कोन्तेनेर’ अशी योजना आहे. तिचा शब्दशः आशय ‘अंतर्भूत असण्यापर्यंत पोहोचू शकतात’ असा काहीसा होतो. म्हणजे शक्यता आणखी एक पायरी दूर सरकली. सर्व सहा संहिता सारख्याच प्रमाण मानल्या असल्याने ही पायरी केवळ शैलीची बाब राहत नाही.

येथे परिभाषेविषयी एक शब्द लिहिणे अवश्य आहे. संहितेतील विशेषणाचा अर्थ ‘बदल केलेला’ एवढाच आहे. त्यात स्तुती नाही, निंदा नाही. मराठी वृत्तपत्रांनी त्यासाठी ‘जनुकीय सुधारित’ हा शब्द रूढ केला. ‘सुधारित’ म्हटले की पूर्वीपेक्षा चांगले झालेले, असा निवाडा शब्दातच बसतो. सुधारित वाण, सुधारित अवजारे, सुधारित शेती या कृषिखात्याच्या जुन्या शब्दमालिकेत तो अलगद जाऊन बसला आणि वादाचा निकाल वादापूर्वीच लागला. म्हणून या लेखात ‘परिवर्तित’ हा शब्द योजिला आहे. मॉन्ट्रियलच्या पहाटे एका क्रियापदाने जे साधले, ते मराठीत एका विशेषणाने कोणाच्याही ध्यानात न येता साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

४

अनिश्चिततेची ही प्रवृत्ती एका कलमापुरती नाही. प्रोटोकॉलच्या उद्देशिकेत व्यापारविषयक करारांशी असलेल्या संबंधाची तीन वाक्ये आहेत. पहिल्यात व्यापार व पर्यावरण यांविषयीचे करार परस्परांस पोषक असावेत असे म्हटले आहे. दुसऱ्यात या प्रोटोकॉलमुळे विद्यमान करारांतील हक्क व कर्तव्ये बदलतात असा अर्थ करू नये, असे बजावले आहे. तिसऱ्यात मागील वाक्याने हा प्रोटोकॉल इतर करारांच्या अधीन होतो असे समजू नये, असे सांगितले आहे. दुसरे वाक्य मियामी गटाला हवे होते, तिसरे इतरांना. पूर्वमीमांसकांपुढे असाच प्रश्न होता : अतिरात्र यागात षोडशी पात्र घ्यावे असेही वचन आहे आणि घेऊ नये असेही. अशा ठिकाणी त्यांनी विकल्प मानला. परंतु विकल्प आठ दोषांनी युक्त असल्याने दुसरा कोणताच मार्ग उरला नसेल तरच तो पत्करावा, असा निर्बंधही घातला. आधुनिक करारकर्त्यांनी हा अखेरचा उपाय पहिल्या उपायासारखा वापरला आहे.

तथापि संहितेची एकच बाजू सांगणे न्याय्य होणार नाही. दहाव्या व अकराव्या कलमांत असे म्हटले आहे की, संभाव्य दुष्परिणामांविषयी पुरेशा वैज्ञानिक ज्ञानाचा अभाव हा आयात करणाऱ्या राष्ट्रास निर्णय घेण्यापासून परावृत्त करणार नाही. सावधगिरीचे तत्त्व येथे दोन नकारांच्या आडून सांगितले आहे, पण सांगितले आहे खरे; आणि ते समविचारी गटाचे व युरोपचे मोठे यश होय. आयात करणाऱ्यास नाकारण्याचा अधिकार मिळाला. मात्र नाकारावयाचे काय, हे सांगणारे कागद ‘असू शकते’ एवढेच बोलतात. अधिकार स्वार्थात आणि माहिती शक्यतेत, अशी ही कराराची अंतर्गत घडण आहे. या घडणीतील फट बुजविण्याचे काम अठराव्या कलमानेच पुढे ढकलले होते. प्रोटोकॉल अमलात आल्यापासून दोन वर्षांच्या आत सदस्यराष्ट्रांनी या ओळखीच्या तपशिलांविषयी निर्णय घ्यावा, अशी मुदत त्यात घातलेली होती.

ही मुदत सुरू होण्यास कारण झाले तेही एक अतिलहान राष्ट्र. पन्नासावे अनुसमर्थन पॅसिफिकमधील पलाऊ या सुमारे वीस हजार वस्तीच्या द्वीपराष्ट्राने १३ जून २००३ रोजी दाखल केले आणि नव्वद दिवसांनी, ११ सप्टेंबर २००३ रोजी, प्रोटोकॉल अमलात आला. भारतानेही त्याच वर्षी जानेवारीत अनुसमर्थन दिले होते.

५

न्यूझीलंडने २४ मे २००० रोजी प्रोटोकॉलवर सही केली; अनुसमर्थन मात्र २४ फेब्रुवारी २००५ रोजी दिले. मधल्या पाच वर्षांत त्या देशात याच विषयावर जे मंथन झाले ते पाहण्यासारखे आहे.

तेथील १९९६ चा घातक द्रव्ये व नवीन सजीव यांविषयीचा कायदा अतिशय निश्चित भाषेत लिहिलेला आहे. नवीन सजीव, मग तो परिवर्तित असो वा केवळ परदेशी, मंजुरीवाचून देशात आणता येत नाही, निर्माण करता येत नाही, सोडता येत नाही. वैज्ञानिक अनिश्चितता असेल तेथे सावधगिरीची गरज ध्यानात घ्यावी, हे तो कायदा सरळ होकारार्थी वाक्यात सांगतो. २००० साली सर टॉमस आयकेलबॉम यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमण्यात आला. त्याच्यापुढे दहा हजारांहून अधिक नागरिकांची निवेदने आली आणि जुलै २००१ मध्ये त्याने अहवाल दिला. सर्व वाटा मोकळ्या ठेवाव्यात, परंतु जपून पुढे जावे, असा त्याचा एकंदर सूर होता. त्यानंतर ऑक्टोबर २००१ ते ऑक्टोबर २००३ अशी दोन वर्षे परिवर्तित सजीवांच्या मुक्त वापरास स्थगिती होती. सुमारे ४१ लाख वस्तीच्या देशाने या प्रश्नावर केलेले हे सार्वजनिक चिंतन अनेक मोठ्या राष्ट्रांस लाजविणारे आहे.

याच काळात ‘असू शकते’ हे क्रियापद त्या देशाच्या दारातही येऊन उभे राहिले. २००० साली आयात केलेल्या मक्याच्या बियाण्यात परिवर्तित बियाण्याचा अल्प अंश आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. चाचण्यांचे निष्कर्ष निःसंदिग्ध नव्हते. जुलै २००२ मध्ये ऐन निवडणुकीत निकी हेगर यांच्या पुस्तकाने हे प्रकरण उघड्यावर आणले आणि मोठा गदारोळ झाला. मिश्रण सिद्ध झालेले नाही, अशी शासनाची बाजू होती. संशय होता तर लोकांना का सांगितले नाही, असा टीकाकारांचा सवाल होता. एक पक्ष ‘आहे’ असे सिद्ध झाले नाही म्हणून निर्धास्त, तर दुसरा ‘असू शकते’ एवढ्यानेच अस्वस्थ. बीज सीमा ओलांडून आत आले की शक्यतेच्या भाषेवर नागरिकांचे समाधान होत नाही, हा धडा या प्रकरणाने न्यूझीलंडला पुरेपूर दिला होता.

६

प्रोटोकॉलच्या सदस्यराष्ट्रांची दुसरी बैठक मॉन्ट्रियल येथे ३० मे ते ३ जून २००५ या दिवसांत भरली. अनुसमर्थनानंतरचे नव्वद दिवस पुरे होऊन न्यूझीलंड २५ मे रोजी, म्हणजे बैठकीच्या अवघे पाच दिवस आधी, सदस्य झाले होते. अठराव्या कलमातील मुदत सप्टेंबरमध्ये संपणार होती. कागदपत्रांत अधिक निश्चित माहिती मागणारा मसुदा पुढे आला, आणि शंभराहून अधिक सदस्यांपैकी दोघांनी तो अडविला : एक ब्राझील, दुसरे न्यूझीलंड. मतदानाचा नियम कधीच निश्चित न झाल्याने महत्त्वाचे निर्णय एकमतानेच घेण्याची तेथे प्रथा आहे. निर्णय झाला नाही. मुदत टळली.

ब्राझीलची भूमिका समजण्यासारखी आहे. तो सोयाबीनचा बलाढ्य निर्यातदार. न्यूझीलंडचे काय? परिवर्तित पिकांची व्यापारी लागवड त्या देशात नव्हती. आपल्या जहाजांवर ‘आहे’ असे लिहिण्याची पाळी त्याच्यावर सहसा येणार नव्हती. तरीही त्याने निश्चिततेला विरोध का करावा?

त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. न्यूझीलंड शेतीमालाच्या निर्यातीवर जगणारा देश आहे. कागदपत्रांचा भार वाढला की खर्च वाढतो आणि तो लहान निर्यातदारास अधिक जाणवतो. दुसरे असे की, परिवर्तित नसलेल्या मालातही वाहतुकीत अनाहूतपणे काही दाणे मिसळू शकतात. किती अंशापर्यंतचे मिश्रण दुर्लक्षणीय मानावे हे ठरविलेले नसताना ‘आहे’ असे लिहावयास लावणे म्हणजे निर्दोष व्यापाऱ्यास कचाट्यात पकडणे होईल. तिसरे असे की, एकमताची प्रथा ही लहानांची ढाल आहे. ती वापरणे हा काही अपराध नव्हे. या तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. विशेषतः दुसरा मुद्दा मक्याच्या अनुभवातून आलेला असल्याने त्याला पोकळ म्हणता येणार नाही.

असे असले तरी प्रस्तुत लेखकाच्या मते ही भूमिका टिकणारी नाही. मिश्रणाची मर्यादा ठरलेली नसेल तर ती ठरविण्याचा आग्रह धरावयाचा असतो. मर्यादेच्या अभावाचे कारण सांगून संपूर्ण माहितीच संदिग्ध ठेवावयाची नसते. खर्चाचा मुद्दा खरा, पण खर्च नाहीसा होत नाही. निर्यातदाराने चाचणी केली नाही तर ती आयात करणाऱ्याला करावी लागते. न्यूझीलंडजवळ प्रयोगशाळा आहेत, सीमेवर करडी तपासणी आहे, पाठीशी निश्चित भाषेतील कायदा आहे. कागदावर ‘असू शकते’ लिहिलेले असले तरी आत काय आहे हे तो स्वतः शोधून काढू शकतो. ज्या राष्ट्रांजवळ यांपैकी काहीच नाही, त्यांना कागदावरील क्रियापदाचाच आधार असतो. मक्याचे जहाज बंदराला लागल्यावर ते दळण्यासाठी आले की पेरणीसाठी, याचा विचार भुकेला शेतकरी करीत नाही. दाणा हाती आला की त्यातला काही तो पेरतोच. कागदावर ‘पेरणीसाठी नाही’ असे लिहिल्याने दाण्याची उगवणशक्ती जात नाही.

व्याकरणातील ‘स्वार्थ’ हा शब्द येथे मोठा अर्थपूर्ण ठरतो. शब्दाचा स्वतःचा सरळ अर्थ तो स्वार्थ, हा व्याकरणाचा संकेत. आपले हित तो स्वार्थ, हा व्यवहाराचा. न्यूझीलंडने आपल्या सीमेच्या आत क्रियापदे स्वार्थात चालविली आणि सीमेबाहेर इतरांसाठी ती शक्यतेत ठेवली. आणि हे दोन्ही व्यवहारातील स्वार्थापोटी केले. तडजोड गटात बसलेल्या राष्ट्राने दोन बाजूंमधील अंतर कमी करावे ही अपेक्षा होती. पाच वर्षांनंतर त्याने ते अंतर आहे तेवढेच राखले.

७

तिसरी बैठक मार्च २००६ मध्ये ब्राझीलमधील कुरितिबा येथे झाली. यजमान ब्राझीलने आपली भूमिका बदलली. शेवटच्या तासांत मेक्सिको, पॅराग्वे व पेरू यांच्या आक्षेपांवर वाटाघाटी झाल्या आणि निर्णय झाला. तो पुन्हा व्याकरणाचाच होता. मालाची ओळख राखून ठेवणाऱ्या व्यवस्थेमुळे वा अन्य मार्गाने जेथे घटक निश्चित ठाऊक आहेत, तेथे कागदपत्रांनी परिवर्तित सजीव ‘आहेत’ असे म्हणावे. जेथे ठाऊक नाहीत, तेथे ‘असू शकतात’ असे म्हणावे.

वरवर पाहता ही वाटणी तर्कशुद्ध वाटते : जो जाणतो त्याने ‘आहे’ म्हणावे, जो जाणत नाही त्याने ‘असू शकते’. परंतु तिच्यात एक दोष राहून गेला आहे. जाणून घेण्याचे कर्तव्य तिने कोणावरच घातलेले नाही. अज्ञान ही येथे एक वस्तुस्थिती मानली आहे. ते पत्करलेलेही असू शकते, हा विचार केलेला नाही. ज्याने मालाची वेगळी साठवण केली त्याच्यावर अधिक निश्चित बोलण्याचे बंधन आले आणि ज्याने सारे एकत्र ओतले तो त्यातून सुटला. तरीही २००० च्या वाक्याशी तुलना करता ही प्रगती आहे हे मान्य केले पाहिजे. ‘आहे’ हे क्रियापद अन्नधान्याच्या कागदपत्रांत प्रथमच शिरले, आणि एकदा संहितेत शिरलेले क्रियापद बाहेर काढणे कठीण असते.

या विवेचनातून जो निष्कर्ष काढावयाचा तो केवळ एका राष्ट्रापुरता नाही. लहान राष्ट्रांच्या सहभागाचे कौतुक करण्याची एक रीत अलीकडे पडली आहे. ती बैठकींना आली, बोलली, त्यांनी दुरुस्त्या सुचविल्या, एवढ्यावर लेखक समाधान मानतात. उपस्थिती हे मूल्य नव्हे. इथिओपिया लहान बाजारपेठेचा देश असूनही त्याच्या प्रवक्त्याने जे शब्द मागितले ते आपल्यासारख्या सर्वांसाठी मागितले. पलाऊने दाखल केलेल्या एका कागदाने सर्वांसाठी करार जिवंत झाला. न्यूझीलंडने, उत्तम कायदा, विचारी आयोग आणि जागरूक नागरिक गाठीशी असताना, जे क्रियापद स्वतःस मिळालेले होते ते इतरांस मिळू देण्यास विलंब लावला. लहान राष्ट्राची कसोटी येथेच आहे : घरी जे क्रियापद वापरावयाचे, तेच परिषदेत इतरांसाठी मागावे.

आपल्या विद्यार्थ्यांपुरते बोलावयाचे तर, आज १७० हून अधिक राष्ट्रांना बांधणारा हा करार मराठीत काळजीपूर्वक उतरविण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनी हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. त्या कामात ‘असेल’, ‘असावे’ आणि ‘असू शकते’ यांची सरमिसळ होता कामा नये, आणि ‘परिवर्तित’च्या जागी ‘सुधारित’ येता कामा नये. सरकी, मका आणि सोयाबीन पेरणाऱ्या माणसाला आपल्या हातातील दाण्याविषयी कोणी, किती खात्रीने, काय सांगितले आहे, हे त्याच्या भाषेत नेमके कळले पाहिजे.